वामनराव गावंडे यांचं विनाभेसळ सरबत

अकोल्याच्या कौलखेडात राहणाऱ्या वामनराव गावंड्यांचा या जगात एकाच गोष्टीवर पुरता विश्वास होता, आणि ती म्हणजे संशय. सारी नोकरी सरकारी हिशेबतपासणीत गेलेली. कोणी दौऱ्यावरून आला आणि रिक्षाचं भाडं लावलं, की वामनराव चष्म्याच्या वरून पाहत आणि म्हणत, "पावती?" पावती निघाली, तर ती खरी कशावरून हा पुढचा प्रश्न तयार असे. निवृत्त झाल्यावर मात्र संशय घ्यावा असं हाताशी काही उरलं नाही. एक दूधवाला होता, पण एकट्या दूधवाल्यावर माणसाने किती दिवस काढायचे.

अशा उपाशी संशयाला कोणीतरी ताट वाढणारच होतं. ते वाढलं गल्लीतल्या किशोरने. हा किशोर आधी विमा विकत असे, मग पातूर रोडवरचे प्लॉट, मग पाणी शुद्ध करायची मशीन. चौथ्या खेपेला त्याने भीती विकायला काढली आणि पहिल्यांदा त्याचा जम बसला. या मालाला गोदाम लागत नाही, उधारी होत नाही आणि गिऱ्हाईक स्वतःच तो चार घरी पोचवतं. मोबाइलवर त्याने 'आहार जागृती परिवार' नावाचा गट काढला. सकाळी 'साखर की सापाचं विष, शेवटपर्यंत वाचा', दुपारी 'पाव खाणाऱ्यांनो, तुमचं आतडं तुम्हाला विचारतंय', आणि संध्याकाळी, लोक पुरेसे घाबरले की, 'आपल्याकडे पातूरच्या लाकडी घाण्याचं तेल आलं आहे'. तेलाचा भाव वाचून जी छाती धडधडे, ती लोक साखरेच्या खात्यात टाकत.

गंमत अशी, की रिक्षाच्या भाड्याला पावती मागणाऱ्या वामनरावांनी या निरोपांना एकदाही पावती मागितली नाही. 'एका परदेशी शास्त्रज्ञाने सिद्ध केलं' एवढं वाचलं की त्यांची मान हले. संशयी माणसाची हीच गोम असते. तो विश्वास ठेवत नाही असं नाही. सगळं वाईट आहे असं कोणी सांगितलं, की तो लगेच ठेवतो.

वामनराव तसे निर्व्यसनी. गुरुदेवाचे उपासक, दरवर्षी मोझरीच्या आश्रमात जाणारे, सुपारीच्या खांडालाही न शिवणारे. आयुष्यात एकच चैन होती, ती म्हणजे चौकातल्या गयासुद्दीनभाईंच्या बेकरीतला टोस्ट. सकाळी चहात तो बुडवायचा. वामनराव टोस्ट इतका वेळ बुडवून धरत, की कोणाला वाटावं त्याला पोहायला शिकवताहेत. तो तुटून तळाला जाई. मग वामनराव कपात असे पाहत, जणू आजच हे पहिल्यांदा घडलं. वच्छलाबाई बशीत आधीपासून ठेवलेला चमचा त्यांच्यापुढे सरकवत. लग्नानंतरच्या पहिल्या चहापासून हा रिवाज होता. एवढ्या वर्षांत वामनरावांनी टोस्ट लवकर काढला नाही, आणि वच्छलाबाईंनी चमचा उशिरा दिला नाही.

त्या टोस्टवर किशोरचा निरोप आला. 'ज्या पदार्थात मूळ धान्य ओळखू येत नाही, तो पदार्थ नव्हे, विष आहे.'

वामनरावांनी चहा पिता पिता तो वाचला. हातातल्या टोस्टकडे पाहिलं. त्यात गहू दिसेना.

त्याच दिवशी स्वयंपाकघराची तपासणी झाली. बिस्किटं गेली, साखर गेली, तेलाची पिशवी गेली, पुड्यातलं मीठ गेलं. कपाटाच्या कोपऱ्यात कागदाच्या पुडीत पांढरी पूड सापडली. दरवर्षी उन्हाळ्यात लिंबाचं सरबत टिकावं म्हणून वच्छलाबाई त्यात ती चिमूटभर टाकत. वामनरावांनी ती पुडी दोन बोटांत धरून, गुन्ह्याचा मुद्देमाल न्यावा तशी नालीपर्यंत नेली.

वच्छलाबाई खाटेवर पडून हे पाहत होत्या. नुकत्याच तापातून उठलेल्या. तोंडाला चव नव्हती, भाकरी पुढे आली की ताट सरकवून देत. जरा काही जात असेल तर तो चहा आणि टोस्ट.

"वरच्या डब्यात कुरडया हायेत," त्या पडल्या पडल्या म्हणाल्या. "त्या बी फेका."

"त्या काहून? त्या घरच्या होत."

"मंग दाखवा ना त्याच्यातला गहू. तीन दिवस भिजवला, आंबवला, वाटला, चीक काढला, चोथा टाकला, शिजवला, साच्यातून दाबला, गच्चीवर वाळवला. आता तेलात तळीन. एवढी कारागिरी तं बिस्किटवाला बी करत नसन. अन् पापडात खार असते, थो का वावरात उगवते?"

वामनराव डब्यासमोर थबकले. कुरडई त्यांना आवडत असे. "घरचं ते घरचं," असं म्हणून त्यांनी डबा परत ठेवला, आणि हा आक्षेप, सरकारी परंपरेप्रमाणे, पुढील वर्षीच्या तपासणीसाठी राखून ठेवला.

दवाखान्यात नेऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सध्या त्यांना जे जातं ते जाऊ द्या. टोस्ट तर टोस्ट. तब्येत धरली की भाकरी-भाजी आपोआप मागतील." वामनरावांनी मान हलवली, पण डोळे भिंतीवर गेले. तिथे कोण्या बिस्किट कंपनीचं कॅलेंडर लटकत होतं. बाहेर येऊन ते वच्छलाबाईंना हळूच म्हणाले, "साखळी लक्षात आली का?"

"मले रिक्षा दिसून नाही राहिली," वच्छलाबाई म्हणाल्या. "ते पाहा आधी."

घरात मग वच्छलाबाईंसाठी नाचणीचं बिनमिठाचं, बिनगुळाचं काहीतरी शिजू लागलं. त्याला पेज म्हणावं तर पेज रागावली असती. शेजारच्या शालूताई पाहायला आल्या, वाटीत बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, "वहिनी, हे खायचं होय का अंगाले लावायचं?" तरी वामनराव ठाम होते. उलट आता ते नुसते वाचक राहिले नव्हते. त्यांनी गटावर स्वतःचा पहिला निरोप लिहिला. 'आपल्याच चौकातला टोस्ट पोटात जाऊन गोंद होतो. सावध.' लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणी त्यांचं म्हणणं पुढे पाठवलं होतं. त्या रात्री त्यांना चांगली झोप लागली.

आठवड्यात गयासुद्दीनभाईंच्या बेकरीसमोरची गर्दी पातळ झाली. सकाळी फिरायला निघालेल्या वामनरावांना त्यांनी गल्ल्यावरून हाक मारली.

"वामनरावभाऊ, थांबा ना जरा. टोस्टचा पोटात गोंद होते म्हणे. ये किसने देखा?"

"एका परदेशी शास्त्रज्ञाने."

"नाव का हाय त्याचं?"

"नाव दिलेलं नाही."

"गाव?"

"परदेश."

गयासुद्दीनभाईंनी फडक्याने काच पुसली. पुसायला तिच्यावर काही नव्हतं. "भाऊ, तुमी आयुष्यभर रिक्षाच्या भाड्याले पावती मागितली. माझी एक भट्टी बंद पडली, त्याची पावती कुठी हाय? मी म्हणतो का, सकाळ-संध्याकाळ टोस्टच खा, रोटी सोडून द्या? दो टोस्ट, एक चाय. भाभींना बरं नाही म्हणून कमी साखरेचे बाजूले ठेवले होते. हीना रोज विचारते, चाचींचे टोस्ट न्यायले काहून नाही आले कोणी."

हीना म्हणजे त्यांची सून. आपलाच प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वामनरावांना सवय नव्हती. तेवढ्यात बेकरीच्या मागच्या दारातून किशोर निघाला, हातात काळी पिशवी. वामनरावांना पाहून त्याने पिशवी पाठीमागे धरली, "जय आरोग्य, काका," म्हणाला आणि सटकला. त्याच्या शर्टावर खारीचे पापुद्रे होते.

"हा काय नेतो?" वामनरावांनी विचारलं.

"गिऱ्हाइकाची गोष्ट आमी सांगत नाही, भाऊ," गयासुद्दीनभाई म्हणाले आणि पुन्हा काच पुसू लागले.

वामनराव विचार करत घरी आले. किशोर बहुधा तपासणीसाठी नमुना नेत असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. माणूस एकदा घाबरला, की घाबरवणाऱ्याची अब्रू तो स्वतः सांभाळतो.

घरी आले तर वच्छलाबाई दारात, पायाशी बॅग, आणि अमरावतीहून आलेला त्यांचा धाकटा भाऊ उत्तमराव जीपमध्ये.

"मी चालली," वच्छलाबाई म्हणाल्या. "तापानं अर्धी नेली, उरलेली तुमच्या पेजेनं. ज्या दिवशी या घरात चहासंग टोस्ट दिसन, त्या दिवशी फोन करा."

"वच्छला, मी हे तुझ्यासाठीच करून राहिलो."

"माहीत हाये. म्हणून तं भांडली नाही."

हे वाक्य भांडणापेक्षा वाईट होतं. जीप गेली. वामनराव आत आले. बशीत चमचा तसाच होता.

दोन-चार दिवस त्यांनी ताठ्यात काढले. मग घर मोठं वाटू लागलं. फोन केला तर उत्तमराव म्हणे, "बाई झोपली हाये, भाऊजी. आताच चहा-टोस्ट झाला तिचा." टोस्ट हा शब्द तो उगाच लांबवून म्हणतो, असा वामनरावांना संशय आला, आणि तो खरा होता. बायको आणायची तर पडतं घ्यायचं, आणि पडतं घ्यायचं तर तत्त्व जायचं. मधला मार्ग किशोरने सुचवला.

"काकू गोडाच्या शौकीन ना? साखर नको, मोह द्या. धारणीकडून खास वाळलेली मोहफुलं आणली मी. जंगलातलं शुद्ध गोड. सरबत करा."

"मोहाची दारू करतात ना पण?"

"दारू माणूस करते, काका. फूल नाही करत." हे वाक्य वामनरावांना इतकं पटलं, की फुलांचा भाव विचारायचा राहून गेला. "फक्त उकळू नका. उकळलं की त्यातला प्राण जाते. पाण्यात भिजवा, थोडा गूळ टाका, गच्चीवर ऊन दाखवा. सूर्यच शिजवते. अन् ते टिकवायचं पांढरं विष तर मुळीच नको."

ते विष नालीत जाऊन बरेच दिवस झाले होते. वामनराव आयुष्यात पहिल्यांदा बायकोसाठी काहीतरी बनवत होते आणि त्यांनी ते मनापासून केलं. फुलं धुतली, भिजवली, अकोल्याच्या मे महिन्यातल्या उन्हात बरणी ठेवली. रोज गच्चीवर जाऊन पाहत. पाण्याला बुडबुडे येऊ लागले. "प्राण आहे," वामनराव स्वतःशी म्हणाले. वास जरा उग्र येई, पण औषधाला वास असायचाच. मग त्यांनी ते गाळून काचेच्या बाटलीत भरलं, बूच ठोकून बसवलं, वरून फडकं, फडक्यावर सुतळी, सुतळीला गाठ आणि गाठीवर मेण. सरकारी तिजोरीला ते जसं सील करीत तसं. त्या प्राणाला बाहेर पडायला त्यांनी सुईएवढीही जागा ठेवली नाही.

दुपारच्या बसने ते अमरावतीला निघाले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवीत बाटली. बोरगाव मंजूपर्यंत सगळं ठीक होतं. बस भाजून निघत होती. मूर्तिजापूर मागे पडलं आणि बडनेरा जवळ येताच वास सुटला.

आधी पुढच्या बाकावरच्या बाईंनी पदर नाकाला लावला. मग मागून कोणी म्हणालं, "कोणीतरी मारून बसलं हाये बाप्पा." लोक एकमेकांकडे पाहू लागले. वामनरावांचा उपाशी संशय खडबडून जागा झाला. कितीतरी दिवसांनी त्याला खरंखुरं काम मिळालं होतं. त्यांनी सारी बस नजरेने तपासली. शेवटच्या बाकावर एक मळक्या शर्टाचा गडी खिडकीला डोकं टेकून झोपला होता.

"हे पाहा," वामनराव उभे राहून म्हणाले, "बायकामुलं बसलेली आहेत. हा प्रकार चालणार नाही. वाहक कोण आहे?"

वाहक पौर्णिमाताई होत्या. तिकिटाची मशीन सावरत आल्या. "काय झालं काका?"

"दारू झाली. मागचा माणूस पाहा."

मागचा माणूस उठला. त्याने पौर्णिमाताईंसमोर श्वास सोडून दाखवला. कांद्याचा होता. "मी माळकरी हाये, ताई," तो म्हणाला आणि गळ्यातली माळ वर काढली. "या टोपीवाल्या बुवाले विचारा, वास तिकूनच येऊन राहिला."

वामनरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी मोझरीचा उपासक आहे. सुपारी खात नाही. असं असेल तर सगळ्यांच्या पिशव्या तपासा. बस सरळ अमरावतीच्या चौकीवर घ्या. माझी पहिली तपासा."

हे शेवटचं वाक्य नसतं बोलले तर बरं झालं असतं, पण स्वच्छ माणसाला हे वाक्य नेहमी सुचतं. पौर्णिमाताई म्हणाल्या, "आधी बसा काका," आणि ते बसले. दणकन बसले, कारण बस बडनेऱ्याच्या गतिरोधकावरून गेली होती.

मेण, गाठ, सुतळी, फडकं आणि बूच एकाच वेळी गेलं. बूच छताला आदळून पुढच्या बाकावरच्या बाईंच्या ओटीत पडलं. बाटलीतून फेसाचा फवारा निघाला आणि वामनरावांच्या टोपीपासून सदऱ्यापर्यंत जे जे पांढरं होतं ते पिवळं करून गेला. सगळी बस मोहाने दरवळली. माळकऱ्याने माळ आत ढकलली आणि शांतपणे पुन्हा खिडकीला डोकं टेकलं.

"चौकीवर घ्यायची ना, काका?" पौर्णिमाताईंनी विचारलं.

स्थानकावरच्या चौकीत एक वयस्क जमादार बसले होते. त्यांनी बाटली नाकाशी नेली, दूर केली, पुन्हा नेली.

"हे का होय?"

"सरबत."

"सरबत असं उडते?"

"ते शुद्ध आहे. त्यात टिकवायचं रसायन वगैरे काही नाही. नैसर्गिक आहे. काही मिसळलेलं नाही. आरोग्याला चांगलं."

जमादारांनी बाटली टेबलावर ठेवली. "काका, माझी एवढी नोकरी झाली. भट्टीवाला जो बी धरला, थो हेच म्हणते. शुद्ध हाये, काई मिसळवलं नाही, आरोग्याले चांगलं."

वामनरावांनी किशोरचं सगळं सांगितलं. पाणी, ऊन, प्राण. जमादारांनी ऐकून घेतलं.

"फूल दारू करत नाही म्हणे?"

"तसं तो म्हणाला."

"फुलानं वाट पाह्यली असन कोणी करते का. कोणी आलं नाही, तं आपलं आपणच केलं." मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "काका, चार फुलं उकळली असती, नाहीतर थे सरबतात टाकायची पूड असते ना, आमच्या घरी बी टाकतात, थे चिमूटभर टाकली असती, तं आज तुमी बायकोच्या समोर सरबत पेत बसले असते. बरं, तुमाले ओळखणारं गावात कोणी हाये का? ओळख पटली की जा."

उत्तमरावांना फोन गेला. ते अर्ध्या तासात आले, आणि मागून वच्छलाबाई. दोन पायांवर, कोणाच्या आधाराशिवाय, गालावर थोडं मांस आलेलं. वामनरावांनी ते पाहिलं आणि आपल्या पिवळ्या सदऱ्याकडे पाहिलं. किशोरने कधी पाठवला नव्हता असा निरोप समोर उभा होता, आणि याला पावती लागत नव्हती.

"बाई, हे तुमचे कोण?" जमादारांनी विचारलं.

वच्छलाबाईंनी नवऱ्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मोहाचा वास, कपाळाला चिकटलेलं एक फूल, वाकडी टोपी.

"सांगता नाही येत," त्या म्हणाल्या. "यांचाच नियम हाये, साहेब. ज्याच्यात मूळचं ओळखू येत नाही, ते घरात घ्यायचं नाही."

उत्तमराव खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. वामनराव खाली पाहत राहिले. हा आक्षेप पुढच्या वर्षावर टाकता येत नव्हता.

"वच्छला," ते म्हणाले, "तुला गोड आवडते म्हणून केलं होतं."

बाटलीच्या तोंडाला अजून अडकलेली सुतळी वच्छलाबाईंनी पाहिली, त्या सुतळीवरची गाठ पाहिली. उत्तमराव परत आले ते समोरच्या टपरीवरून चहा घेऊन. बरोबर कागदात टोस्ट. जमादारांनी एक उचलला, वच्छलाबाईंनी एक. कागद वामनरावांच्या पुढे आला आणि तिथेच थांबला.

वामनरावांनी टोस्ट घेतला. सवयीने उलटा करून पाहिला. सुट्या टोस्टवर काही लिहिलेलं नसतं. गहूही दिसत नव्हता. त्यांनी एक कोपरा चावला आणि बराच वेळ चावत राहिले.

"गयासभाईच्या टोस्टची सर नाही," ते म्हणाले. "गेल्यावर मले त्याच्याकडे जावं लागन. गटावर बी लिहावं लागन."

"का लिहाल?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"की पावती नव्हती."

मग त्यांनी टोस्ट चहात बुडवला आणि पुढे काय लिहायचं याच्या विचारात तसाच धरून ठेवला. तो तुटला आणि तळाला गेला. वामनराव कपात पाहू लागले, जणू आजच हे पहिल्यांदा घडत होतं.

वच्छलाबाईंनी आपल्या पिशवीत हात घातला, भावाच्या घरून निघताना टाकलेला चमचा काढला आणि त्यांच्यापुढे सरकवला.

"ओळखले, जमादारसाहेब," त्या म्हणाल्या. "आमचेच होत."